झेवियर्समधली इंटर्नशिप आणि सुतळीचा पुरवठा वक्र

एसवायला इंटर्नशिपचे तास भरायचे होते. वर्गातले बरेचजण एनजीओंच्या ऑफिसात डेटा एन्ट्रीला लागले आणि मी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या एक्सआरसीव्हीसीला मेल टाकला. एक्सआरसीव्हीसी म्हणजे झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड, 2003 पासून दृष्टिहीन आणि अंधुक दिसणाऱ्या मुलांसाठी काम करतात. मेल, मग फोन, मग भेटून गप्पा, आमच्या कॉलेजचं पत्र, झालं. घरी आजीला काळजी, फादर लोकांचं कॉलेज आहे, प्रार्थना करायला लावतील का गं? जेज्विट फादरांनी 1869 मध्ये काढलेलं कॉलेज आहे हे खरं, पण मला तिथे कोणी धर्माचं काही विचारलं नाही, मराठी टायपिंग येतं का आणि शुद्धलेखन कसं आहे हे मात्र नीट विचारलं.

रोज डोंबिवलीहून फास्ट लोकल, सीएसएमटीला उतरायचं आणि चालत जायचं. पहिल्याच दिवशी जिन्यात टीवायच्या एका मुलाचा हात धरून मी त्याला ओढायलाच लागले. तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही मला धरू नका, तुमचा कोपर द्या, मी धरतो." म्हणजे मी अर्धं पाऊल पुढे, तो मागे, माझं अंग वर गेलं की त्याला कळतं पायरी आली. नंतर तोच मला रस्ता दाखवायचा, कारण कॉलेज त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

माझं मुख्य काम मराठी पुस्तकं. स्कॅन करायचं, ओसीआर (पानाच्या फोटोतली अक्षरं ओळखून टाइप केलेला मजकूर करणारं सॉफ्टवेअर) मारायचं, आणि मग ओळ न् ओळ मूळ पुस्तकाशी ताडून बघायची. हे वाटतं तितकं सोपं नाही हो. मशीनला भ आणि म, ध आणि घ यातला फरक धड कळत नाही, अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'कर भरणारा'चा 'कर मरणारा' झालेला, आपण डोळ्यांनी वाचताना मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो पण एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, जे लिहिलंय तेच वाचणार आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ऐकणारा मुलगा अडकणार. पानाचे नंबर काढायचे, हेडिंगला हेडिंग म्हणूनच मार्क करायचं, नाहीतर 400 पानांत तिसरं प्रकरण शोधायचं कसं? अख्खं पुस्तक स्कॅन करणं चोरी नाही का, अशी मला आधी धाकधूक होती. तिथल्या मॅडमनी समजावलं, 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झालीय, अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत करायला आता चालतं. याच विषयावरच्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत, 2014 मध्ये, हे मला तोवर माहीतच नव्हतं आणि ऐकून खरंच छान वाटलं.

सगळ्यात जास्त राग आला तो नोट्सचा. एका प्राध्यापकांनी मनापासून सुंदर मराठी नोट्स टाइप करून दिलेल्या, स्क्रीनवर अगदी स्वच्छ, पण फॉन्ट कृतीदेव. त्यात 'मराठी' हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात, फक्त दिसायला मराठी. जिन्यातल्या त्या टीवायच्या मुलाने हेडफोन माझ्या कानाला लावला आणि पूर्ण पानभर नुसती खडखड ऐकू आली. तीच गोष्ट युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरलाही मराठी अक्षरं मराठीच कळतात त्या पद्धतीत, असती तर पहिल्या मिनिटाला वाचून झाली असती. मी तीन दिवस ते सगळं युनिकोडमध्ये आणत बसले, कन्व्हर्टर वापरूनही जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागली.

मग आल्या आकृत्या. मागणी-पुरवठ्याचा आलेख मी कार्डबोर्डवर लोकर आणि फेविकॉलने केला, खूप मन लावून. त्याने बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, यातला मागणीचा कुठला आणि पुरवठ्याचा कुठला?" दोन्हीला एकच लोकर! आणि अक्षांची नावं मी स्केचपेनने लिहिलेली. दुसऱ्यांदा मागणीला लोकर, पुरवठ्याला सुतळी, आणि नावं ब्रेलमध्ये. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं, कागद उलटला की डावीकडून वाचायचं, त्यामुळे 'किंमत' लिहायला मला चार कागद लागले. सुतळी लोकरीला जिथे छेदते तिथे त्याचं बोट थांबलं, "हा समतोल बिंदू" म्हणाला आणि पुढची दहा मिनिटं कर वाढला की सुतळी कुठे सरकेल हे मला समजावत होता.

जूनमध्ये एका प्रवेश परीक्षेला मी त्याची लेखनिक म्हणून गेले. पेपर दोन तासांचा, केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे 40 मिनिटं. सेंटरवरच्या सुपरवायझरला हे माहीतच नाही, दोन तास होताच पेपर ओढायला आले. त्या मुलाच्या बॅगेत सूचनांची प्रिंट होती, कायम असते म्हणे, ती काढली, वरिष्ठांना बोलावलं, वेळ मिळाला, पण या भांडणात आठ मिनिटं गेली आणि तो मध्येच सांगत असलेलं उत्तर तुटलं ते तुटलंच. आपल्या हक्काच्या 40 मिनिटांसाठी दरवेळी कागद घेऊन फिरायचं, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझे तास जुलैतच संपले, पण ते अर्थशास्त्राचं पुस्तक नाही संपलं. मी फाइल घरी आणलीय, रविवारी दुपारी बसते. सध्या नवव्या प्रकरणावर आहे, तक्ते खूप आहेत आणि प्रत्येक तक्त्यातली ओळ न् ओळ तपासावी लागतेय.