तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्ट नॉर्मल, मग कॅन्सर कसा?

‘जीन टेस्ट नॉर्मल आली, मग आईला कॅन्सर झालाच कसा?’ चवथीला भेटणाऱ्या नातेवाइकांपासून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून रिपोर्ट घेऊन येणाऱ्या ओळखीच्यांपर्यंत सगळे मला हेच विचारतात. उत्तर दोन वाक्यांत हवं असतं, आणि तसं दिलं की ते अर्धवट राहतं. म्हणून हे लिहितोय.

तुमच्या हातातला रिपोर्ट बहुधा रक्ताचा असतो. जन्मतः मिळालेल्या बीआरसीएसारख्या (बिघडली की स्तनाच्या, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या) जनुकांची डीएनएतली अक्षरं त्यात वाचलेली असतात. असा वारशाने आलेला दोष ५ ते १० टक्के कॅन्सरांमागेच असतो. बाकीचे बदल पुढे आयुष्यात, गाठीच्या पेशींत होतात. काही गाठींत तर बीआरसीए१ ची सगळी अक्षरं जागच्या जागी असतात, पण जनुकाच्या सुरुवातीला मेथिल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, चढून ते बंद पडलेलं असतं (यालाच मेथिलेशन म्हणतात). नुसती अक्षरं वाचणाऱ्या टेस्टला हे कळणार नाही.

इथून पुढचं माझं काम. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती, रिळावरच्या दोऱ्यासारखा, गुंडाळलेला असतो; या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. त्यांतल्या एच३ या हिस्टोनच्या २७ व्या जागेवरच्या लायसिनला (हे एक अमिनो आम्ल, प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) ईझेडएच२ हे प्रथिन तीन मेथिल लावतं, आणि तिथली जनुकं गप्प होतात. ही खूण गाठीत नेमकी कुठे आहे ते चिप (ChIP) या प्रयोगातून कळतं: प्रथिनं डीएनएला जखडायची, डीएनएचे तुकडे करायचे आणि ती खूण ओळखणाऱ्या अँटीबॉडीने खूण असलेले तुकडे वेचायचे. ‘तीन-चार दिवसांचा प्रयोग ना, मग वर्षं कशी जातात?’ या प्रश्नाने मात्र मी खरंच चिडतो.

जखडण्यासाठी पेशींवर १ टक्का फॉर्मल्डिहाइड, रूम टेंपरेचरला १० मिनिटं. मग ते थांबवायला १२५ मिलिमोलर ग्लायसिन, ५ मिनिटं. रूम टेंपरेचर म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात वीज गेली, एसी बंद पडला की आपल्याकडे खोली ३२ वर जाते, आणि त्याच १० मिनिटांत प्रथिनं आणि डीएनए गरजेपेक्षा घट्ट जखडले जातात. पुढे सोनिकेटरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, डीएनएचे तुकडे होत नाहीत. हवे असतात २०० ते ५०० अक्षरजोड्यांचे. तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या जेलवर दिसतो हजाराच्या वर अडकलेला धुरकट पट्टा. ध्वनीचे झटके (पल्स) वाढवावेत, तर नळी तापते आणि फेस येतो. फेस झाला की ध्वनीची ऊर्जा द्रवात नीट पोचत नाही, आणि उष्णतेने अँटीबॉडी जिथे बसायची ती जागाच बिघडते. तो नमुना गेलाच. पेशी पुन्हा वाढवता येतात, पण तो रुग्णाच्या गाठीचा तुकडा असेल तर दुसरा मिळत नाही. एका माणसाने ऑपरेशनच्या टेबलावर दिलेली गोष्ट अशी वाया जाते, याची मला सवय झालेली नाही. म्हणून ती १० मिनिटं बॅकअपवर चालणाऱ्या, तापमान स्थिर ठेवणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये, २५ अंशांवरच. फॉर्मल्डिहाइडही ताजं हवं. जुन्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो, मग १ टक्का हा १ टक्का राहत नाही.

अँटीबॉडीचं दुखणं वेगळंच. एच३ वर ९ आणि २७ या दोन्ही जागांवर लायसिन धरून अमिनो आम्लांचा क्रम तोच आहे: अ‍ॅलनिन, आर्जिनिन, लायसिन, सेरिन. कच्ची अँटीबॉडी दोन्हींना चिकटते. म्हणून अँटीबॉडीचा नवा लॉट आला की आधी डॉट ब्लॉटवर परीक्षा, म्हणजे दोन्ही जागांच्या पेप्टाइडांचे (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांचे) ठिपके देऊन ती कुठल्याला चिकटते ते पाहायचं, मगच प्रयोग.

कॅन्सर म्हणजे जनुकांतले बिघाड, बाकी सगळा त्यांचा परिणाम, असं पूर्वी मी ठासून सांगत असे. त्या मताला आजही आधार आहे. लहान मुलांच्या ऱ्हॅब्डॉइड ट्यूमर या दुर्मीळ, आक्रमक कॅन्सरमध्ये एसएमएआरसीबी१ हे, क्रोमॅटिनची मांडणी बदलणाऱ्या यंत्रणेतलं, जनुक गेलेलं असतं, हे १९९८ साली सापडलं. पण त्या गाठींत इतर बदल अगदी थोडे, आणि क्रोमॅटिन मात्र सगळीकडे विस्कटलेलं. मग कारण कुठलं धरायचं? माझा माझ्याशीच हा वाद चालू आहे.

आणि औषध? ईझेडएच२ रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅटला २०२० साली अमेरिकेत एपिथेलिऑइड सार्कोमा या दुर्मीळ कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली, ती ६२ रुग्णांतल्या सुमारे १५ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या या आधारावर. १५ टक्के थोडे आहेत, कबूल. पण त्या आजारात हातात फार काही नव्हतं.

तुमच्या आईला का झाला, हे मी सांगू शकत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढं विचारा: टेस्ट रक्ताची केली की गाठीची, आणि गाठीत मेथिलेशन तपासून उपचारात काही फरक पडेल का?