गंधयंत्राची नोंद: सोडलेला वास घालवायचा कसा

नाटकात ठरलेल्या क्षणी प्रेक्षकांपर्यंत वास पोचवणाऱ्या माझ्या यंत्राची मागच्या नोंदीतली जुळणी आता बदलली आहे. तेव्हा पंप फक्त वास पुढे ढकलायचा. आता प्रत्येक नळीला दुसरी हवा जोडली आहे: कोळशाच्या फिल्टरमधून आलेली, कोरडी, बिनवासाची. वास दोन सेकंद, त्यामागोमाग ही साधी हवा दहा सेकंद. एकांकिकेच्या तालमीत याने जेवढा फरक पडला, तेवढा आधीच्या कुठल्याच सुधारणेने पडला नव्हता. पावसाचा प्रवेश संपतो तेव्हा पाऊस खरंच संपतो.

बाकी रचना तीच. वासाचं द्रव्य टाकायला नमद्याची चकती घातलेल्या काचेच्या डब्या, छोटा पंप, विजेवर उघडझाप करणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि हे सगळं चालवणारा छोटा संगणक म्हणजे ईएसपी३२ बोर्ड. ध्वनीवाला मुलगा क्यूलॅब या प्रयोगातले आवाज-प्रकाश चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबतो आणि वायफायवरून ओएससी संदेश (अशा यंत्रांमधल्या आज्ञांचा एक ठरलेला प्रकार) बोर्डाकडे जातो. नळ्या मात्र सगळ्या टेफ्लॉनच्या केल्या. सिलिकॉनमध्ये लवंग, कापूर असले वास मुरतात आणि पुढे बराच काळ झिरपत राहतात. धुऊन उपयोग नाही, त्या बदलाच. द्रवाचं धुकं उडवणाऱ्या जाळीच्या चकत्याही मी सोडून दिल्या. अत्तरातलं तेल त्या बारीक छिद्रांत अडकतं, आणि त्यांचं धुकं प्रकाशात दिसतं.

आपल्या छंदाचा इतिहास याच एका प्रश्नाशी अडखळलेला आहे असं माझं ठाम मत आहे. डिसेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘अरोमारामा’ने चीनवरच्या माहितीपटाबरोबर वास सोडले, तेही थिएटरच्या वातानुकूलन यंत्रणेतून. एवढी हवा एकदा सुगंधी केली की ती झटकन साफ होणार कशी? लगेच १९६० मध्ये निर्माते माइक टॉड ज्युनिअर यांच्या ‘सेंट ऑफ मिस्टरी’ या चित्रपटासाठी हान्स लाउबे यांची ‘स्मेल-ओ-व्हिजन’ आली. लाउबेंनी नळ्यांनी वास खुर्च्यांपर्यंत नेला आणि कथेतही त्याला काम दिलं: मारेकरी ओळखू येतो तो त्याच्या पाइपच्या तंबाखूवरून. ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते. पण बाल्कनीत वास उशिरा पोचायचा, सोडताना फुसफुस ऐकू यायची, आणि एवढ्या कौतुकाने आलेली यंत्रणा त्या एका चित्रपटापुरतीच राहिली. पुढे १९८१ मध्ये दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांनी ‘पॉलिएस्टर’ या चित्रपटाच्या प्रेक्षकांना एक ते दहा आकडे घातलेल्या वासाच्या ठिपक्यांचं कार्ड दिलं. पडद्यावर आकडा आला की तो ठिपका खरवडायचा आणि हुंगायचा. कार्ड नाकापासून दूर नेलं की वास गेला. इतक्या स्वस्त उपायात मुख्य गोष्ट बरोबर होती: नाकाजवळ आणि थोडासाच.

अंतराचं गणित एकदा करून पाहा. बंद खोलीत वास आपणहून पसरत जातो हे फार हळू घडतं, त्याला वाहून नेते ती हलती हवा. ती सेकंदाला २० सेंटिमीटर सरकत असेल तर चार मीटरवरच्या रांगेत वास २० सेकंदांनी येईल. तोवर संवाद कुठल्या कुठे गेलेला असतो. नळीचं तोंड पुढच्या खुर्चीच्या पाठीवर असलं तर हे अंतर हातभर उरतं. त्यापुढची अचूकता मात्र शोधत बसू नका. शांत बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे एक श्वास तीन ते पाच सेकंदांचा. आवाज आणि चित्र जुळवताना आपण मिलिसेकंद मोजतो. वासाचं सर्वांत लहान माप श्वास हेच. म्हणून माझा क्यू, म्हणजे वास सोडायचा इशारा, शब्दावर नसतो, शब्दाच्या आधीच्या विरामावर असतो.

आता द्रव्यांबद्दल, कारण खरी निवड इथे आहे. लिंबू, संत्रं, कापूर यांचे रेणू हलके, लवकर उडून जातात. चंदन, कस्तुरीसारखे कृत्रिम वास, व्हॅनिला हे जड, कपड्यांना धरून बसणारे. माझी अडचण पावसाची होती. कनौजचं मातीचं अत्तर अप्रतिमच: भाजलेली माती तांब्याच्या देगेत उकळून तिची वाफ चंदनतेलात उतरवलेली असते. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी पावसानंतरच्या मातीच्या वासावर लिहिलं तेव्हा या भारतीय अत्तराचाही उल्लेख केला होता. पण त्यातली माती आधी उडून जाते आणि चंदन मागे राहतं. पुढच्या प्रवेशात घरात भांडण पेटतं. तिथे चंदन कसं चालेल? म्हणून अत्तर शेवटच्या प्रवेशाला ठेवलं आणि पहिल्या पावसाला जिओस्मिनचं (ओल्या मातीला वास देणाऱ्या रेणूचं) खूप पातळ द्रावण अल्कोहोलमध्ये घेतलं. एक लाख कोटी भागांत काही भाग असलं तरी माणसाचं नाक जिओस्मिन ओळखतं, त्यामुळे चकतीवर अर्धा थेंबही जास्त होतो. अल्कोहोलच्या डब्या दिव्यांपासून लांब ठेवा, हे सांगायला नको.

फोडणी बाटलीत भरायचा नाद मी सोडला. मोहरी तडतडते, हिंग फुलतो, कढीपत्ता पडतो, या तीन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांचा आवाजही वासाइतकाच हवा असतो. ती विंगेत इंडक्शनवर खरीच द्यायची आणि पंख्याने पुढे सोडायची. नाट्यनिर्माते डेव्हिड बेलास्को यांनी १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर चाइल्ड्स उपाहारगृह उभं केलं तेव्हा तिथे खरोखर पॅनकेक भाजले जात होते. ती परंपरा जुनी आणि भक्कम आहे. फोडणीचा वास अर्थातच लवकर जात नाही. म्हणून तिच्यानंतर संहितेत अर्ध्या तासात दुसरा वास ठेवलेला नाही.

आपल्याकडे एक वास आधीपासूनच वेळेवर येतो: तिसऱ्या घंटेच्या सुमाराला फिरणारा धूप. मंडळींना तो हवाच, मलाही हवा. पण राळ आणि ऊद नाकाला व्यापतात, आणि एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं थांबवतं. त्यामुळे पूजा मागच्या बाजूला, थोडी आधी, आणि माझा पहिला क्यू प्रयोगाच्या दहाव्या मिनिटानंतर.

मोजमापासाठी एमक्यू-३ हा अल्कोहोलचा संवेदक खुर्चीवर ठेवतो. द्रावक अल्कोहोल असल्याने वास कधी पोचला त्याचा आलेख छान मिळतो. गेला कधी, ते मात्र तो सांगू शकत नाही, कारण अल्कोहोल आधी उडतं आणि जड रेणू मागे राहतात. त्यासाठी बाहेरून आत येणारा ताज्या नाकाचा माणूसच लागतो. दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांसाठी एक रांग बिननळीची ठेवली आहे, आणि प्रयोगात वास सोडले जातात हे सांगणारा फलक तिकीट खिडकीपाशी लावणार आहोत, दारापाशी नाही.

पुढचं काम वातानुकूलित सभागृहातलं. तिथे छतातून येणारा झोत खुर्चीजवळची हवा कुठे नेतो ते उदबत्तीचा धूर सोडून रांगेरांगेने पाहायचं आहे. कुणी हे आधीच केलं असेल तर झोताचा वेग आणि नळीच्या तोंडाची उंची, एवढं तरी कळवा.