लेथ घेतलं, आता क्यू बनवतोय

नोकरी सांभाळून घरामागच्या शेडमध्ये पूलचे क्यू, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या त्या टेबलावरच्या खेळात चेंडू मारायच्या काठ्या, बनवायला घेतलेत, आणि सगळे विचारतात की लेथवर एक दांडी तासायची त्यात एवढं काय? अहो सगळी गंमत वाट बघण्यात आहे. शाफ्टला, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाला, हार्ड मेपलचं लाकूड लागतं, ते बाहेरून मागवायचं, आणि एका दमात १३ मिमी जाडीवर आणायचं नाही, थोडं तासायचं, टांगून ठेवायचं, लाकडातला ताण सुटला की परत थोडं, असे महिने जातात, त्यात आपला पावसाळा! वाकलं की सरळ बाद. बटला, म्हणजे हातात धरायच्या मागच्या जाड भागाला, मात्र आपली शिसवी, अमेरिकेतले कारागीरही ती वापरतात.

तिकडचा जॉर्ज बालाबुश्का, या धंद्यातला देवच, त्याने १९५९ मध्ये सुरुवात केली आणि तोसुद्धा बटसाठी तयार ब्लँक, म्हणजे अर्धवट घडवलेलं लाकूड, विकत घ्यायचा, मग मी कशाला लगेच जडावकामाच्या मागे लागू? साधा क्यू, वजन १९ औंसच्या आसपास, दोन भागांचा जॉइंट घट्ट, बास.

सध्या पैसे म्हणाल तर क्लबमधल्या पोरांच्या क्यूच्या टिपा (टोकावरचं चामडं) बदलून आणि फेरूल (टिपेखालचं कडं) बसवूनच येतात. नवीन क्यूची किंमत सांगितली की मंडळी चहा पिऊन जातात.