आमची वाटचाल : गट नंबरातल्या शेडपासून एमआयडीसीच्या भूखंडापर्यंत

आमचा कारखाना पत्र्याचे दाबकाम केलेले भाग आणि त्यांच्या वेल्डिंग केलेल्या जोडण्या बनवतो. सुरुवात १९९८ मध्ये भोसरीत भाड्याच्या गाळ्यात, दोन जुन्या पॉवर प्रेसवर झाली. आज चाकण परिसरात आमची दोन युनिटे आहेत. यंत्रे, डाय आणि कामगार यांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु आमचा धंदा कोणत्या वेळी किती मोठा होऊ शकेल, हे दर टप्प्यावर ठरवले ते कारखान्याच्या फाटकापर्यंत येणाऱ्या रस्त्याने, म्हणून ही हकीकत त्याच अंगाने लिहीत आहे.

१९९९ मध्ये बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना सुरू झाला आणि सुटे भाग पुरवणारे एकामागून एक भोसरी सोडून उत्तरेकडे सरकू लागले. आम्हीही २००५ मध्ये खराबवाडी–म्हाळुंगे पट्ट्यात शेतजमिनीचा एक तुकडा घेतला. ती जमीन एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची नव्हती, खाजगी गट नंबरातली, म्हणजे गावच्या जमीन-नोंदीतल्या क्रमांकाची शेतकऱ्याची जमीन होती. चाकणला बाहेरून पाहणाऱ्याला सगळे एकच औद्योगिक क्षेत्र वाटते, पण तिथे दोन वेगवेगळे संसार चालतात. १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाखाली अधिसूचित झालेल्या क्षेत्रात भूखंड पाडणे, रस्ते, पाणी, गटारे आणि बांधकाम परवानगी ही सर्व कामे एमआयडीसीकडे असतात. त्या हद्दीच्या बाहेर गट नंबरांतल्या जमिनी बिनशेती करून उभ्या राहिलेल्या लहान कारखान्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांचा रस्ता नेमका कोणाचा, याचे उत्तर विचाराल त्या कार्यालयागणिक बदलते. एमआयडीसीचा भूखंड आमच्या ऐपतीबाहेर होता आणि गट नंबरातली जमीन परवडत होती. त्या काळी लहान उद्योजकाला याहून वेगळा हिशेब मांडता येत नव्हता.

जमीन बिनशेती झाली, शेडचा नकाशा मंजूर झाला, उच्च दाबाची वीजजोडणी मिळाली. रस्ता मात्र गावनकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला गाडीमार्ग होता. अशा गाडीमार्गाची रुंदी कागदोपत्री साडेसोळा ते एकवीस फूट मानली जाते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे बांध पिढ्यान्‌पिढ्या आत सरकलेले, एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला पाण्याचा दंड, म्हणजे शेताला पाणी नेणारा पाट, आणि मधून एक टेम्पो जेमतेम जाईल एवढी वाट. पावसाळ्यात तीही नाही.

पोलादाची कॉइल, म्हणजे पत्र्याची मोठी गुंडाळी, घेऊन येणाऱ्या ट्रेलरला या वाटेवर वळताच येत नसे. मग तो तळेगाव–चाकण रस्त्यावरच्या वजनकाट्याजवळ उभा करायचा, तासाच्या भाड्याने हायड्रा क्रेन बोलवायची, दोन-अडीच टनांची एकेक कॉइल उचलून आयशर टेम्पोत ठेवायची, लाकडी ठोकळ्यांनी अडकवायची आणि टेम्पो सावकाश आत न्यायचा. कॉइलची कड दबली की पट्टीचे सुरुवातीचे काही मीटर भंगारात जात. क्रेन, टेम्पो, हमाली आणि भंगार मिळून दर टनामागे जो जादा खर्च येई, तो कोणत्याही ग्राहकाच्या दरपत्रकात मागता येत नाही, कारण शेजारच्या एमआयडीसीतल्या पुरवठादाराला तो येतच नसतो. तेव्हाच आमच्या ध्यानात आले की स्वस्त जमिनीची उरलेली किंमत आम्ही दर महिन्याला हप्त्याने भरत आहोत.

पुढे एका ग्राहकाने मोठ्या जोडणीच्या कामासाठी आमची पाहणी केली. प्रेस शॉप, तपासणी कक्ष, कागदपत्रे, सर्व पसंत पडले. शेवटी त्यांच्या माणसाने मोजपट्टी घेऊन रस्ता मोजला आणि विचारले, ‘आग लागली तर बंब कुठून येणार?’ रिकामे रॅक घेऊन येणारा कंटेनर आणि अग्निशमन बंब, दोन्हींना जागा नाही म्हणून ते काम आम्हाला मिळाले नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते, हेही नमूद केले पाहिजे.

रस्ता कायद्याने रुंद करून मिळेल का, हे आम्ही पाहिले. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, परंतु ती सोय शेतकऱ्याला शेतात जाता यावे म्हणून आहे. कारखान्याच्या ट्रेलरसाठी नव्हे. मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली चालू वहिवाटीतला अडथळा दूर करून घेता येतो, पण जी रुंदी वहिवाटीत कधी नव्हतीच, ती त्यातून मिळत नाही. ग्रामपंचायतीकडे मुरूम टाकण्यापुरता निधी होता. म्हणजे आमची जमीन शासनाने उद्योगासाठी मान्य केली होती, आणि तिच्याकडे जाणारा रस्ता मात्र शासनाच्या लेखी अजून शेतीचाच होता. हा विरोधाभास गेली वीस वर्षे चाकणच्या निम्म्या दुखण्यांच्या मुळाशी आहे, असे माझे मत आहे.

शेवटी प्रश्न शेजाऱ्यांच्या ओट्यावर सुटला. वाटेच्या दोन्ही अंगांना जमिनी असलेल्या शेतकरी कुटुंबांशी वर्षभर बोलणी चालली. त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांना सगळे आबा म्हणत. त्यांनी पैशाआधी पाण्याची गोष्ट काढली. ‘शेठ, तुमच्या गाड्या जातील, पण पलीकडच्या कांद्याला पाणी कुठून न्यायचं?’ रस्ता भराव घालून उंच केला तर त्यांचा दंड तुटणार होता, आणि आमच्या अभियंत्याने काढलेल्या आराखड्यात त्याची दखल नव्हती. म्हणून रस्त्याखालून तीन ठिकाणी सिमेंटचे ह्यूम पाइप टाकायचे ठरले, विहिरीकडून येणाऱ्या जलवाहिनीसाठी वेगळी नळी ठेवली, आणि मगच मोबदल्याचे बोलणे सुरू झाले. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी झाली, नऊ मीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी वहिवाटीच्या हक्काचे नोंदणीकृत दस्त झाले आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद लागली. २०१२ मध्ये पहिला ट्रेलर थेट आमच्या फाटकापर्यंत आला.

ही यशोगाथा म्हणून सांगत नाही. आमच्या पुढच्या टोकाला असलेल्या दोन कारखान्यांना असा रस्ता मिळाला नाही, कारण त्यांच्या वाटेतल्या जमिनीचा भावाभावांत वाद होता. सार्वजनिक रस्ता शेजाऱ्याच्या स्वभावावर आणि त्याच्या घरातल्या वाटणीवर अवलंबून असणे, ही काही नियोजनाची पद्धत म्हणता येणार नाही.

आतला रस्ता झाला तरी तो मुख्य रस्त्याला जिथे मिळतो, तिथला प्रश्न निराळाच होता. मोठ्या रस्त्याला जोडरस्ता घेण्यासाठी त्या रस्त्याच्या मालक-विभागाची परवानगी लागते. नागरी वस्तीबाहेर राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा (तिच्या आत इमारत नको) आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा (तिथपर्यंतच्या बांधकामावर महामार्ग विभागाचे नियंत्रण) धरली जाते. जोडरस्त्याच्या तोंडाशी वळणाची त्रिज्या, वेग कमी करण्याची मार्गिका आणि पाण्याचा निचरा दाखवावा लागतो. या अटींत वावगे काही नाही, कारण मुख्य रस्त्यावर पन्नास ठिकाणी मनमानी तोंडे उघडली की काय होते, ते तळेगाव चौकापासून आंबेठाण चौकापर्यंत कोणालाही दिसते. अडचण अशी की आमचा अर्ज चालू असतानाच तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग ५४८-डी झाला आणि फाइल एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेली. नकाशे नव्या नमुन्यात पुन्हा काढावे लागले, जुन्या ना-हरकत पत्राचा उपयोग संपला, आणि ज्या टेबलावर आमचे प्रकरण बराच काळ पडून होते तिथे शेवटपर्यंत एकच उत्तर मिळत राहिले की वरून कळवले जाईल.

२०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि आमचा परिसर त्याच्या नियोजनाखाली आला. तोवर १९९७ ची प्रादेशिक योजना हाच आधार होता, आणि ती झाली तेव्हा आजच्या चाकणची कल्पना कोणाला असणे शक्य नव्हते. २०२१ मध्ये प्राधिकरणाची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली. आमचा नऊ मीटरचा रस्ता तीत बराच रुंद दाखवला होता, पण आखणी सरळ ठेवण्यासाठी तो आबांच्या विहिरीवरून नेला होता. आम्ही रुंदीला पाठिंबा देऊन आखणी थोडी सरकवावी, अशी सूचना केली. शेजाऱ्यांनी एकदा जमीन दिली असताना पुन्हा का, अशी हरकत घेतली. दोन्ही अर्ज एकाच दिवशी सुनावणीला आले आणि आम्ही एकाच गाडीतून गेलो, हे सुनावणी घेणाऱ्यांनाही थोडे नवलाचे वाटले असावे. २०२५ मध्ये शासनाने तो प्रारूप आराखडाच रद्द केला.

या सगळ्यातून माझे जे मत बनले, ते असे. नकाशावर औद्योगिक विभागाचा रंग भरणे हे सर्वांत सोपे काम आहे. त्याआधी रस्त्याची जमीन ताब्यात यायला हवी, आणि त्यासाठी प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नगररचना योजनेची तरतूद आहे. तीत सर्व जमीनमालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते काढले जातात आणि प्रत्येकाला आकाराने लहान, पण रस्त्याला लागून असलेला अंतिम भूखंड मिळतो. प्राधिकरणाने म्हाळुंगे–माण येथे ही पद्धत हाती घेतली (हे म्हाळुंगे हिंजवडीजवळचे, आमचे नव्हे). गट नंबरांतल्या औद्योगिक पट्ट्यांना ती अधिक लागू पडेल, कारण इथे घरांपेक्षा ट्रेलरला रस्ता जास्त लागतो आणि मालकांची संख्या तुलनेने कमी असते.

दरम्यान २०१७ मध्ये आम्ही एमआयडीसीतला एक भूखंड हस्तांतराने घेऊन दुसरे युनिट सुरू केले. दुपदरी अंतर्गत रस्ता, पथदिवे, गटार, सर्व होते. कॉइल थेट शेडमधल्या क्रेनखाली उतरू लागली आणि हायड्राचे भाडे इतिहासजमा झाले. परंतु एमआयडीसीचा रस्ता तिच्या हद्दीपर्यंतच रुंद असतो. हद्दीपासून महामार्गापर्यंतचा दुवा, आणि मग महामार्ग, तिथे पुन्हा तीच गर्दी. अंतर्गत रस्ता एका संस्थेचा, पुणे–नाशिक महामार्ग क्रमांक ६० दुसऱ्याचा, चौकातली अतिक्रमणे नगरपरिषदेच्या हद्दीत, आणि वाहतुकीचे नियमन पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी झाल्यावर आम्ही माल पाठवण्याची पाळी रात्री साडेदहानंतर नेली. त्यासाठी गेटवर एक जादा माणूस, मालाचे चलन आणि ई-वे बिल (वाहतुकीची ऑनलाइन नोंद) करणारा एक कारकून, आणि रात्रपाळीचा भत्ता असा खर्च वाढला. ग्राहकाची लाइन थांबली तर नुकसानीची डेबिट नोट (आमच्या बिलातून कपात) आमच्या नावे निघते, त्यामुळे दोन दिवसांचा तयार माल साठवून ठेवणे भाग पडले. त्यात अडकलेल्या भांडवलावर बँकेचे व्याज चालू असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला ७,८२७ कोटी रुपयांची मान्यता दिली. तो झाला तर नाशिककडे जाणारी वाहने चाकणच्या डोक्यावरून निघून जातील. आमच्यासारख्यांना त्याहून महत्त्वाचे आहे ते उतारमार्ग कुठे येणार आणि कामाच्या वर्षांत खालचा रस्ता किती उघडा राहणार. उतारमार्ग थेट चौकात आला तर वरची गर्दी खालच्या गर्दीत ओतली जाईल. परिसरातल्या लहान उद्योजकांनी मिळून एक निवेदन दिले असून त्यात दोनच मागण्या आहेत: उतारमार्ग एमआयडीसीच्या अंतर्गत रस्त्यांना सरळ जोडावेत, आणि खांबांचे काम सुरू होण्याआधी सेवारस्ते पूर्ण करावेत.

गेल्या वर्षी घेतलेली २५० टनी प्रेस आम्ही दुसऱ्या युनिटमध्ये बसवली. जुन्या शेडमध्ये आता टूलरूम (डाय, म्हणजे साचे, बनवण्याचा व दुरुस्तीचा विभाग) आणि लहान भागांचे वेल्डिंग चालते, कारण त्या कामाला टेम्पो पुरतो; आणि मुख्य रस्त्यावरच्या जोडरस्त्याचा सुधारित नकाशा चालू महिन्यात पुन्हा सादर करायचा आहे.