रिकाम्या कक्षातला हायड्रोजन

तांब्याच्या स्फटिकावर चढवलेल्या, जेमतेम 9 अणुथरांच्या निकेलने आज दुपारी आपल्या चुंबकत्वाची दिशा बदलली. सकाळी पृष्ठभागाला समांतर असलेली ही दिशा त्याला लंब झाली होती. तापमान तेच होते आणि नमुन्याला कोणी हातही लावला नव्हता. "निकेल तेच आहे, पृष्ठभाग तेवढा तोच राहिलेला नाही," असे एक सहकारी शांतपणे म्हणाल्या, आणि ते वाक्य मनातून जाईना.

थर वाढत गेले की स्वच्छ निकेलमध्ये समांतराकडून लंबाकडे जाणारे हे वळण साधारण 10 ते 11 थरांवर येते. मात्र हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड चिकटला की ते 7 थरांच्या आसपासच येते, कारण हे वायू वरच्या अणूंच्या इलेक्ट्रॉनांशी बंध जोडतात आणि चुंबकत्वाला समांतर धरून ठेवणारी पृष्ठभागाची ओढ ढिली करतात. जाड तुकड्यात हे जाणवतही नाही. येथे मात्र दर नऊ अणूंपैकी एक वरच्या थरातला असतो.

नमुना ठेवलेल्या बंद कक्षातला दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी होता, आणि त्याला आपण निर्धास्तपणे निर्वात म्हणतो! तरीही पोलादी भिंतींतून हायड्रोजन झिरपत राहतो आणि काही तासांत पृष्ठभाग व्यापू शकतो.

म्हणून थराची जाडी आणि तापमान यांच्याबरोबरच, थर तयार झाल्यापासून मोजणीपर्यंत किती वेळ गेला, हेही प्रत्येक आलेखाखाली नोंदवायला नको का?