कुलूपबंद कपाट आणि मंगळवारची बैठक

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी मी लेकीला लायब्ररीत सोडते. ओहायोतल्या आमच्या लहानशा गावाची ही सार्वजनिक लायब्ररी. कार्डाला पैसे नाहीत, पुस्तकांना नाहीत. खर्च निघतो तो राज्याच्या निधीतून आणि घरादारावरच्या जादा करातून. तो कर द्यायचा की नाही, हे गावकरी मतदान करून ठरवतात.

या लायब्ररीत शाळकरी वयाच्या दहा-बारा मुलांचं एक सल्लागार मंडळ आहे. अमेरिकेत पुष्कळ लायब्ररींत अशी मंडळं असतात. शाळेत समाजसेवेचे तास दाखवता येतात, म्हणून बरीच मुलं सुरुवातीला येतात. माझीही त्यासाठीच गेली होती.

एकदा बाहेर पाऊस होता म्हणून मी आतच थांबले. ग्रंथपाल बाईंनी मुलांच्या खोलीचा नकाशा टेबलावर पसरला आणि विचारलं, इथे बसायला का आवडत नाही? एक मुलगा हळूच म्हणाला, सोफ्याची पाठ दाराकडे आहे, मागून कोण येतंय ते कळत नाही. बाईंनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात गेले तर सोफा भिंतीला टेकलेला, शेजारी चार्जिंगचा पॉइंट. लेकीने मागितलेलं दोनशे पानांच्या आतल्या पुस्तकांचं शेल्फही लागलं होतं. ‘जाड पुस्तक बघूनच मुलं मागे सरतात,’ असं तिचं म्हणणं. त्या शेल्फावरच्या पाट्या तिने स्वतः रंगवल्या. आता तासांचा हिशेब ती विचारतही नाही.

मला सोलापूर आठवत राहिलं. आमच्या पेठेतल्या वाचनालयात जाळीची कपाटं होती, त्यांना कुलपं. वहीत क्रमांक शोधायचा, काकांना सांगायचा, ते आतून पुस्तक काढून देणार. त्या काकांनीच मला वाचायला लावलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण पुस्तक हातात घेऊन, चार पानं चाळून परत ठेवायची मुभा तिथे नव्हती. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच असा की ग्रंथ वापरासाठी आहेत. ते मोकळ्या कपाटांचा आग्रह धरत.

गेल्या जूनमध्ये आम्ही सोलापूरला आलो. भाचा सोळा वर्षांचा. सकाळी सहाला त्याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत जातो, महिन्याचे पैसे भरून, स्वतःची पुस्तकं घेऊन. त्याच्या पाठीमागे पुस्तकांनी भरलेलं कपाट. मी विचारलं, “यातलं कधी काही वाचलंस का रे?”

“आत्या, त्याला कुलूप असतंय की. आणि आम्हाला कोण विचारतंय?”

हे दुसरं वाक्य लेकीने धरून ठेवलं. दोघं आणि भाच्याचे तीन मित्र ग्रंथपालांकडे गेले. तिचं मराठी अडखळतं, म्हणून बोलला भाचाच: काका, एकच कपाट आम्हाला द्या, पुस्तकं आम्ही निवडतो. कार्यकारी मंडळातल्या ज्येष्ठांना पुस्तकं गहाळ व्हायची काळजी होती, आणि ती खरीच होती. अनुदान तुटपुंजं, गेलेलं पुस्तक परत घ्यायचं कशातून? शेवटी तीन महिन्यांसाठी परवानगी मिळाली.

दोन दिवस पोरं धुळीत बसली होती. खिडकीपाशी एक उघडा कप्पा लागला: विज्ञान, क्रिकेट, रहस्यकथा, आणि पूर्व भागातल्या एका मुलाच्या हट्टापायी तेलुगू गोष्टींची पुस्तकं. घरी तेलुगू बोलतो, पण लिपी येत नाही. आजीकडून वाचून घेणार म्हणाला. सोलापूरच्या घराघरांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नांदतात, पण वाचनालयात मुलांसाठी ते दिसावं असं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

सोलापुरात ज्यांची वाचनालयाच्या मंडळात ऊठबस आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या बैठकीला अभ्यासिकेतल्या दोन मुलांना बोलवा. त्यांना खुर्ची द्या, आणि ती सांगतील त्यातली एक तरी गोष्ट महिन्याभरात करून दाखवा. केलेलं दिसलं नाही तर मुलं दुसऱ्यांदा बोलत नाहीत.

परवा भाच्याने व्हॉट्सअॅपवर त्यांच्या शंभर पानी वहीचा फोटो पाठवला. कोणी काय नेलं, कधी आणलं. एकोणीस नोंदी. एका नोंदीपुढे परत केल्याची तारीख नव्हती. तिथे त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आजी अजून वाचतेय.’