बार्बेरिनींच्या मधमाश्या

रोममधल्या पलाझ्झो बार्बेरिनी या जुन्या राजवाड्याच्या मोठ्या दालनात शिरले आणि मान वर गेली ती खाली येईना. वर छतावरच्या चित्रात तीन भल्यामोठ्या मधमाश्या उडत होत्या.

पोप आठवा अर्बन हा बार्बेरिनी घराण्यातला. मधमाश्या हे त्यांचं कुलचिन्ह. चित्रकार पिएत्रो दा कोर्तोनानं हे छत 1639 साली रंगवून पुरं केलं. त्यानं चिन्हाभोवतीची ढाल काढून टाकली आणि लॉरेलच्या पानांचा हार तिच्याच आकारात वळवला. श्रद्धा, आशा आणि दया या तिघींनी तो धरलाय. जवळच दैवी कृपा ढगांवर बसली आहे. तिच्या आज्ञेवरून अमरता ताऱ्यांचा मुकुट घेऊन मधमाश्यांकडे निघाली आहे.

कडेला रोमन पुराणं भरली आहेत. एकीकडे बलाढ्य वीर हर्क्युलीस हार्पींना, म्हणजे पंखवाल्या राक्षसिणींना, हाकलतोय, म्हणजे न्याय. दुसरीकडे बुद्धीची देवी मिनर्व्हा राक्षसांना खाली लोटतेय, म्हणजे पोपचं शहाणपण. त्यातले काही राक्षस तर रंगवलेली चौकट ओलांडून थेट आपल्या अंगावर कोसळतायत असं वाटतं. मी खरंच एक पाऊल मागे सरले! चौकटीवरचे संगमरवरी वाटणारे पुतळे, कोपऱ्यांतली ब्राँझची वाटणारी पदकं, सगळा नुसता रंग आहे.

पण माझा जीव अडकला तो दैवी कृपेच्या पायाशी. तिथं काळ बसलाय, सॅटर्न, स्वतःचंच मूल खात. शेजारी तिघी नियती आयुष्याचे धागे धरून आहेत. त्यांना पाहून मला आपली सटवाई आठवली. आपली सटवाई पाचवीला येऊन कपाळावर लिहून जाते, या बायका सूत कातत बसतात. कृपेला काळाच्याही वर बसवायचं, हा चित्राचा दावा. मला मात्र तो खालचा म्हाताराच सगळ्यांत जिवंत वाटला. कालाय तस्मै नमः म्हणतो ना आपण, तो काळ असा डोळ्यांसमोर कधी पाहिला नव्हता.

अर्बन 1644 साली गेला. नव्या पोपनं बार्बेरिनींची चौकशी लावली आणि अर्बनचे पुतणे फ्रान्सला पळाले. छत जागच्या जागी राहिलं.

बाहेर पडून चौकात आले. तिथं कारंज्यात शिल्पकार बर्निनीचा ट्रायटन, म्हणजे समुद्रदेव, शंख फुंकत बसलाय. खाली डॉल्फिनांच्या शेपट्यांमध्ये शोधलं, आणि सापडल्या. तिथंही तीन मधमाश्या, पाण्यानं भिजलेल्या.